गाळणीवर राहिलेलं

माझ्या मामीला तिच्या प्रयोगशाळेत सगळे निळीबाई म्हणायचे. निळे कपडे घालायची म्हणून नाही, तो रंग तिला आवडायचाही नाही. पण औषधाची बाटली खिडकीशी धरून, एक डोळा बारीक करून ती जोवर "आलं निळं" म्हणत नाही, तोवर त्या मजल्यावर कुणी पुढचं पाऊल टाकायचं नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि शेजारी बसलेला माणूस कितीही गोड बोलला तरी माझा पाय त्यावरून हलत नाही. बावीस वर्षांत एकदाच हलला, तोही गाडीत नाही, आईच्या आजारपणात. मामीच्या शब्दावर मी पाय उचलला. त्याची ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला राग येणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

मामी एकोणिसाव्या वर्षी त्या मजल्यावर लागली ती बाटल्या धुवायला. पदवी नाही, पाठीशी कुणी नाही. बाटल्या धुता धुता ती कोणत्या बाटलीत काय होतं ते विचारायला लागली, मग वजनं करायला लागली, आणि तीस वर्षांनी वेळ अशी आली की औषध बनायचं ते तिच्या हातूनच. मोठमोठ्या पदव्यांचे लोक कागदावर कृती लिहायचे, आणि ती जमत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायचे. मग मामीला बोलवायचे. हात लागेल तिथे सोनं, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. आई म्हणायची, "चहा सोडून."

औषध कॅन्सरचं होतं आणि ते मोठं हट्टी होतं. मामीच्या शब्दांत सांगायचं तर ते पाण्याला तोंड दाखवत नाही. पाण्यात टाकलं की भुकटी तळाशी जाऊन बसते, ढवळून ढवळून हात मोडले तरी हलत नाही. आणि रक्त म्हणजे शेवटी बरंचसं पाणीच. म्हणून पूर्वीपासून ते एका तेलकट द्रवात विरघळवून शिरेतून देतात, आणि कित्येकांना औषधाआधी तो तेलकट द्रवच बाधतो. घोड्यापेक्षा नाल जड, त्यातला प्रकार.

मामीच्या मजल्यावर त्याला दुसरी वाट काढली होती. औषध आधी स्पिरिटसारख्या द्रवात विरघळवायचं, कारण तिथे ते मुकाट विरघळतं. मग तो द्रव गरगर फिरणाऱ्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचा. पाण्यात एक प्रथिन आधीच घातलेलं असतं. थेंब पडला की औषध पाण्याला भिऊन बारीक बारीक कणांत फुटतं, आणि ते कण एकमेकांना चिकटायच्या आत प्रथिन त्यांच्यावर पांघरूण घालतं. कण किती बारीक, तर एका केसाच्या जाडीत सात-आठशे शेजारी शेजारी बसतील इतके. नॅनोकण म्हणतात त्यांना. एवढे बारीक झाले की ते रक्तातून वाहत जातात, तेलाची गरजच उरत नाही. कण मनासारखे बारीक झाले तर बाटलीत निळसर झाक येते. जाड राहिले तर दुधासारखं पांढरं दिसतं. यंत्र हीच गोष्ट अर्ध्या तासाने आकड्यात सांगायचं. मामीला ती आधीच दिसायची.

"थेंबाची घाई करायची नाही," ती म्हणायची. "एक थेंब, एक श्वास. घाई केली की कण फुगतात."

त्या मजल्याचे प्रमुख होते सर. सरांना मामीनेच हाताशी धरून शिकवलं होतं. विद्यार्थी म्हणून आले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन चंबू फोडले आणि मामीने तिन्ही वेळा काचा गोळा करून, कुणाला न सांगता नवे आणून ठेवले. पुढे ते बाहेर शिकायला गेले, मोठे झाले, आणि त्याच मजल्याचे प्रमुख होऊन परत आले. लोकांसमोर ती त्यांना 'सर' म्हणायची, दोघंच असले की 'अरे'. ते तिला कायम 'ताई' म्हणायचे आणि न विचारता तिच्या डब्यातलं खायचे. एका समारंभात ते व्यासपीठावरून म्हणाले, "हे सगळं ताईंच्या हातांमुळे." मामीने ते वाक्य आम्हाला घरी चार वेळा ऐकवलं. चौथ्या वेळी आई म्हणाली, "हात त्यांना दिलेस, मग माझ्या भावाच्या चहाला काय लावतेस, पाय?"

आई आणि मामी म्हणजे नणंद-भावजय, आणि सख्य विळ्या-भोपळ्याचं. मामा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, आणि घरातल्या लढाईत त्याने कधी कुणाची बाजू घेतली नाही. दोघींची भांडणं मोठ्या गोष्टींवर कधीच नव्हती. मामीचा चहा पांचट असतो हा आईचा एकतीस वर्षांचा मुद्दा होता. वन्संना केसांची घमेंड आहे हा मामीचा. दोघींचंही खरं होतं. आईची वेणी एकसष्टाव्या वर्षीही कमरेपर्यंत यायची, हाताच्या मनगटाएवढी जाड, आणि कुणी पाहुणा आला की ती हमखास पाठ फिरवून काहीतरी शोधायला लागायची.

त्याच वर्षी आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग औषध सुरू झालं, ते जुनंच तेलकटवालं. पहिल्या वेळी अंगावर पुरळ आलं. दुसऱ्या वेळी सुई लावून पाच मिनिटं झाली नसतील, आईचा चेहरा लाल झाला, छाती आवळली, ओठ काळेनिळे पडले. नर्सने धावत येऊन नळी बंद केली. संध्याकाळी आई पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "मरेन ती माझ्या दुखण्याने मरेन. त्या तेलाने मरणार नाही. पुन्हा लावू देणार नाही मी."

ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती, हीच भीती होती.

तेव्हा मामी पुढे झाली. तिच्या मजल्यावरचं औषध उंदरांवरून माणसांवर आलं होतं. त्याच इमारतीत तळमजल्यावर वॉर्ड, चौथ्या मजल्यावर मामी. अकरा रुग्ण घ्यायचे होते आणि एक जागा शिल्लक होती. वॉर्डाच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं, हा प्रयोग आहे, गुण येईलच असं नाही, नको वाटलं तर कधीही थांबता येईल. आईने त्यांचं एक अक्षर ऐकलं नाही. ती मामीकडे बघत होती.

"वन्सं," मामी म्हणाली, "एकतीस वर्षं नावं ठेवत ठेवत माझ्या हातचा चहा प्यायलात. आता नावं ठेवत ठेवत औषध घ्या. बिघडलं काय?"

आई हसली. आजारपणात पहिल्यांदा.

मी मात्र मामीला बाहेर गाठलं. जिन्याच्या कठड्याशी उभं राहून विचारलं, "मामी, खरं सांग. भरवशाचं आहे का?"

"माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "आत काय आहे ते मला माहीत आहे."

तिथे मी ब्रेकवरचा पाय काढला.

दर तीन आठवड्यांनी एक डोस. मी आईला गाडीतून न्यायची, मामी औषध स्वतः चौथ्या मजल्यावरून खाली आणायची, थंड डब्यात, दोन्ही हातांत धरून. नर्सच्या हातात देताना बाटली एकदा उजेडाकडे धरायचीच. आईची शीर सापडली की मामीच तिच्या दंडावर हात ठेवून बसायची. आणि काय सांगू, काही म्हणजे काही झालं नाही. पुरळ नाही, छाती आवळणं नाही, उलटी नाही. आई डोस घेऊन घरी येऊन जेवायची. दोन डोस झाले तरी केस जिथल्या तिथे. शेजारच्या पलंगावरच्या बाया आईच्या वेणीला हात लावून बघायच्या. सरांनी पाहुणे आणले. ते आईच्या पलंगाशी उभे राहून म्हणाले, "बघा, केससुद्धा गेलेले नाहीत." आईने लगेच पाठ फिरवली, सवयीने. कुणीतरी फोटो काढला. तो वेणीचा फोटो पुढे त्यांच्या माहितीपत्रकावर आला, खाली 'दुष्परिणामांविना उपचार' असं काहीतरी लिहिलेलं. आईने त्याच्या सहा प्रती आणल्या आणि जिथे जाईल तिथे वाटल्या.

मामीचा आनंद तर विचारूच नका. नणंदेने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला बरं म्हटलं होतं.

चौथ्या डोसनंतर आम्ही तिच्या मजल्यावर गेलो. मामीची खोली म्हणजे जिन्याजवळची चिंचोळी जागा, एक टेबल, दोन स्टुलं, भिंतीवर तिने स्वतः शिवलेला कापडी खिशांचा फडका, त्यात चिमटे, कात्र्या, पेनं. तिने चहा केला. आईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अगं, तुझं औषधही तुझ्या चहासारखंच बघ. पांचट. काही म्हणता काही जाणवत नाही. आत काही घालतेस की नुसतं पाणी देतेस मला?"

मी खो खो हसले. मामी हसली नाही. तिने हातातला कप खाली ठेवला आणि आईच्या केसांकडे बघत राहिली. मला वाटलं, लागलं बोलणं. मी आईला डोळ्यांनी दटावलं.

पुढचं मला मामीने नंतर सांगितलं. ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने लिहिते.

उंदरांसाठी औषध बनायचं तेव्हा चंबू तळहातात मावेल एवढा असायचा. मामी थेंब मोजायची, निळं यायचं, आणि त्याच चंबूतून दोन नमुने घेऊन कण किती बारीक आणि औषध किती हे मोजलं जायचं. माणसांसाठी कमरेएवढं स्टीलचं भांडं आलं आणि थेंब सोडायला पंप आला. आणि जंतू राहू नयेत म्हणून शेवटी एक गाळणी आली, कागदाच्या चकतीसारखी, तिची भोकं डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक. काम ठरल्यापेक्षा मागे पडलं होतं, म्हणून सरांनी पंपाचा वेग वाढवायला सांगितला. मामी म्हणाली, कण फुगतील. सर म्हणाले, बघू. गाळणीतून उतरलेलं औषध तिने उजेडात धरलं तर निळं होतं. यंत्रानेही आकडा सुंदर दिला. ती गप्प बसली.

पण गाळणी अडायला लागली. दाबाचा काटा चढायचा. आधी एका खेपेला दोन चकत्या लागायच्या, मग चार, मग सहा. तिने सरांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, गाळणी आहे, अडणारच. तिचं कामच ते." तिला ते पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. शिकवलेल्या मुलावर अविश्वास कसा दाखवायचा? वापरलेल्या चकत्या पिवळ्या पिशवीत टाकून जाळायला पाठवायचा नियम. तिने प्रत्येक खेपेची एक चकती बरणीत घालून, तारीख लिहून, थंड कपाटात मागे ठेवली. जुनी बाटल्या धुणारी ती. जे अडलं ते कशाने अडलं हे बघितल्याशिवाय टाकायचं नाही, ही तिची पहिल्या दिवसापासूनची खोड.

आईच्या त्या थट्टेनंतर आम्ही खाली गेलो आणि मामीने त्या बरण्या बाहेर काढल्या. चकत्या पाण्यात बुडवल्या तर पाणी स्वच्छ राहिलं. स्पिरिटमध्ये बुडवल्या आणि ते स्पिरिट पाण्यात सोडलं, तर भांडं दुधासारखं पांढरं झालं. मग तिने आईच्या खेपेची राखून ठेवलेली बाटली फोडली आणि गाळल्यानंतर तिच्यात औषध किती ते मोजलं. ते कुणी कधी मोजलंच नव्हतं. कणांचा आकार मोजायचा नमुना गाळणीनंतर घ्यायला लागले होते, कारण गाळल्यावर आकडा छान यायचा. औषध किती हे मोजायचा नमुना मात्र उंदरांच्या वेळी घ्यायचे तिथूनच, भांड्यातून, गाळणीआधी, जुन्या सवयीने चालू राहिला होता. दोन्ही आकडे खरे होते. फक्त ते एका औषधाचे नव्हते.

शंभरातले अठरा. एवढंच आईपर्यंत पोचत होतं. फुगलेले कण, म्हणजे जवळजवळ सगळं औषध, गाळणीवर अडकून पिवळ्या पिशवीतून जाळायला जात होतं. बाटलीत उरत होते थोडेसे बारीक कण, निळे दिसण्यापुरते. केस गळत नव्हते कारण केसांपर्यंत पोचायलाही काही नव्हतं. आणि जे केसांपर्यंत पोचत नव्हतं ते गाठीपर्यंत काय पोचणार?

कागद घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. तिला वाटलं होतं तो हादरेल. "हादरला असता तर मी त्याला पाणी दिलं असतं गं," मामी म्हणाली. "तो दचकलासुद्धा नाही. म्हणाला, ताई, हे कोणाकोणाला सांगितलंत?"

तेव्हा तिला कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"सात आठवड्यांपूर्वी शंका आली होती. एकदा मोजलं. एकवीस आलं. वाटलं, यंत्राची चूक असेल."

"परत मोजलंस?"

सरांनी तो कागद उलटा करून ठेवला.

"परत मोजलंस का रे?"

"थांबवलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं, ताई. पुढच्या खेपेपासून पंपाचा वेग कमी करणारच होतो मी."

"सात आठवड्यांत वन्संना तीन डोस गेले. मी माझ्या हातांनी खाली नेले. त्या माझ्या कोण आहेत हे तुला ठाऊक होतं."

"म्हणूनच सांगवलं नाही," सर म्हणाले.

मामी तिथून वॉर्डाच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांना सगळं सांगितलं, तक्रार स्वतःच्या हाताने लिहिली, खाली सही केली. आणि ॲप्रन न उतरवता आमच्या घरी आली. दारातच उभी राहिली. आई टेबलाशी बसून केस विंचरत होती.

"वन्सं, मी दिलेल्या बाटलीत औषध नव्हतं. असून नसल्यासारखं होतं. मला माहीत नव्हतं, पण ते असायला हवं होतं."

आईला कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हणजे माझे हे केस..."

"हो."

आईने कंगवा खाली ठेवला. वेणी पुढे ओढून मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघत बसली. "मी लोकांना पत्रकं वाटली गं," एवढंच म्हणाली. नंतर म्हणाली, "तू जा आता."

मी मामीला जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही, हाकलायला गेले. काय काय बोलले ते लिहवत नाही. शेवटी म्हणाले, "तू म्हणाली होतीस आत काय आहे ते तुला माहीत आहे."

"म्हणाले होते," ती म्हणाली. सरांचं नावसुद्धा घेतलं नाही. खाली मान घालून एकेक पायरी उतरत गेली.

प्रयोग दोन दिवसांत थांबला. अकराही जणांना जुन्या औषधावर आणलं. आईला आधी तासभर दुसरी इंजेक्शनं देऊन, मग अगदी सावकाश, डॉक्टर शेजारी उभे राहून. आई नाही म्हणाली नाही. तिची हट्ट करायची ताकदच गेली होती. फसवणुकीने माणूस किती गरीब होतो ते मी तेव्हा पाहिलं.

आणि चौकशी समितीने घरोघर एक छापील कागद पाठवला. चौथा प्रश्न असा होता की, औषधाबद्दल आपल्याला कुणी वैयक्तिक खात्री दिली होती का? असल्यास कोणी, व कोणत्या शब्दांत?

मी लिहिलं, 'हो. तिथे औषध बनवणाऱ्या माझ्या मामीने. ती म्हणाली, माझ्या हातचं आहे, आत काय आहे ते मला माहीत आहे.'

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आईला न दाखवता मी सही केली आणि कागद देऊन आले. उशिरा का होईना, ब्रेक दाबल्यासारखं वाटलं. पण गाडी कधीच आपटून झाली होती, आणि दाबला तो मामीच्या पायावर, हे तेव्हा दिसलं नाही. रागात माणसाला जो जवळ उभा असतो तोच दिसतो.

कागद देऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी आईच्या खोलीतून हाक आली. उशीवर केस पडले होते, मूठभर. मला रडू फुटलं. आईने मात्र तो पुंजका हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाली, "फोन लाव."

"कोणाला?"

"तिला. दुसरं कोणाला?"

मी लावला. आई ओरडूनच बोलली. "अगं, गळायला लागले! हो, मूठभर! म्हणजे या वेळी आत औषध आहे बघ!" पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. आई म्हणाली, "रडतेस काय? ये ना इकडे. आणि चहा तूच टाक येऊन. जरा कडक टाक."

मामी अर्ध्या तासात आली. तिने आईची वेणी वर आणि खाली दोऱ्याने बांधली आणि मधोमध नाही, अगदी मानेपासून कापली, म्हणाली अर्धवट काम नको. दोघी हसत होत्या. मी चौकटीत उभी होते, आणि तो कागद परत आणता येईल का याचा विचार करत होते. दुपारी समितीच्या कचेरीत जाऊन आले. कारकून म्हणाला, नोंद झाली आहे.

त्यानंतर मामी रोज यायची. मी विचारलं तर म्हणाली, रजा साठली होती, घेतली. मी विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं. तिला चौकशीच्या पहिल्या आठवड्यातच घरी बसवलं होतं आणि दोन महिन्यांनी काढून टाकलं, हे मला मामाकडून कळलं, तेही फार उशिरा. आरोप दोन. जाळायचा कचरा नियम मोडून साठवला, हा पहिला. अधिकार नसताना रुग्णाच्या घरच्यांना औषधाची खोटी खात्री दिली, हा दुसरा. सरांच्या जबाबात ती 'ताई' नव्हती, 'सदर कर्मचारी' होती. सरांना ताकीद मिळाली. काम पुढे पुन्हा सुरू झालं. आता दोन्ही नमुने गाळणीनंतर घेतात आणि थेंब सावकाश सोडतात. ऐकते की औषध चांगलं होतंय. होवो. ज्यांना हवंय त्यांना मिळो. पण माझ्या तोंडून त्या मजल्याबद्दल चांगला शब्द निघणार नाही, मेले तरी.

आई अकरा महिने जगली. वाया गेलेल्या तीन महिन्यांनी काय फरक पडला असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे कुणीच सांगू शकणार नाही. खरंच म्हणाले असतील. मी त्या उत्तराला कधी माफ केलं नाही.

त्या अकरा महिन्यांत मामीने आईला उठवलं, बसवलं, भरवलं, टोप्या शिवल्या, आणि दिवसातून तीनदा चहा केला, ज्याला आई शेवटपर्यंत नावं ठेवत होती. आईच्या मनात किंतु उरला नव्हता. मामीची नोकरी कशाने गेली हे तिला कुणी सांगितलं नाही.

आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी आणि मामी तिचं कपाट आवरत होतो. टोप्यांच्या खाली ती कापलेली वेणी निघाली, दोन्ही टोकांना दोरा तसाच. मामीने ती हातात घेतली. मला राहवलं नाही.

"मामी, त्या चौकशीच्या कागदावर मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चौकशीच्या पहिल्याच दिवशी माझ्यापुढे ठेवला होता. सही आणि 'माझ्या मामीने' हे शब्द त्यांनी झाकले होते. पण लहानपणी तुझं अक्षर मीच वळवून घेतलं आहे. मला ओळखू येणार नाही?"

माझ्या हातातले कपडे खाली पडले. "म्हणजे तू रोज येत होतीस, ते हे माहीत असताना..."

"हो."

"आईला का नाही सांगितलंस?"

"वन्संना उठवायला दोन माणसं लागायची," मामी म्हणाली. "त्यातलं एक मी कशाला कमी करू?"

तिने वेणी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी काहीतरी बोलायला लागले, माफीचंच असेल. तिने हात वर करून थांबवलं.

"मी रागावले नाही असं समजू नकोस. त्या होत्या तोवर मला रागवायला सवड नव्हती. आता आहे."

तिने चपला घातल्या, पिशवी उचलली आणि गेली. स्वयंपाकघरात तिने केलेला चहा झाकून ठेवलेला होता, दोन कप. त्याला आता दीड वर्ष झालं. ती परत आलेली नाही.